गाव बांधणारं सूत

“आणि व्रत मोडल्यामुळं पोटातल्या जिवाला काही झालं तर, माई?”

द्वारकाकाकूंनी विचारलं. सुनेची कूस दोनदा रिकामी झाली होती. तिसऱ्या खेपेला काकूंनी देवीपुढं पदर पसरला होता... बाळ सुखरूप हाती दे, चातुर्मासभर गावाचं सूत ओलांडणार नाही.

आषाढात त्या गावच्या बायका वेशीवरच्या झाडांभोवती सूत फिरवून गाव बांधत. इडापिडा सुताबाहेर राहते, असं जुनी माणसं सांगत.

काकूंच्या गुरू निर्मळमाई पडवीत निथळत उभ्या होत्या. त्यांचा मठ डोंगरापासून लांब, उघड्या माळावर. तिथून त्या भर पावसात चालत आल्या होत्या.

“झऱ्याला पाणी कसं येतंय?”

“सकाळपासून लाल... गढूळ.”

“देवघराचं दार?”

“लागेना झालंय. चौकटच कललीय.”

“मग ऊठ. डोंगर कधीही खाली येईल.”

काकू उठल्या नाहीत. सून सुलभा पोटावर हात ठेवून उंबऱ्याशी उभी. “सासूबाई येत नाहीत तर मीही नाही,” ती पुटपुटली.

कुडापलीकडून शेजारचे सोनूभाऊ ओरडले, “काकू निघाल्या तर आम्ही निघू हो! त्या सुताच्या आत बसल्यात, डोंगराची काय बिशाद!”

“हे डोंगराला कळवलंयस का रे?” माईंनी विचारलं.

वर धुक्यात एक झाड कडाडलं... मग काहीच नाही. कुत्रीसुद्धा गप्प.

माई वेशीकडं चालू लागल्या. सुताची गाठ सोडू लागल्या, तशा काकू मागून धावल्या.

“माई, गाव उघडं पडेल हो!”

माईंनी गाठ सोडलीच. झाडाला टांगलेली उरलेली लड त्यांनी सुताला जोडली, ती सोडत सोडत माळावर गेल्या, मठापुढच्या चाफ्याला वळसा घातला आणि दुसरं टोक घेऊन माघारी आल्या. गाठ पुन्हा बांधली.

“तुझं गाव आता चाफ्यापर्यंत आहे. सूत ओलांडू नकोस. आतून चल.”

काकूंनी सुनेचा हात घट्ट धरला. पाय उचलेना... उचलला.

त्या निघालेल्या पाहून दारं उघडली. धुक्यात पुढचं माणूस दिसत नव्हतं. एक हात सुतावर, एक पोरांच्या मनगटावर, अशी सगळी वाडी माळावर आली. सोनूभाऊंच्या खांद्यावर शेळी होती.

तिन्हीसांजेला पाऊस ओसरला. डोंगर होता तिथंच होता.

“फुकटची पायपीट!” सोनूभाऊ धोतर पिळत म्हणाले. “आता माई, निदान पिठलं तरी घाला.”

बायका हसल्या. काकू मात्र माईंजवळ सरकल्या.

“माई... डोंगर तर आलाच नाही. पुढच्या खेपेला माझ्यामागं कोण येईल? हसतील मला.”

माईंनी डोंगराकडं पाहिलं.

“हसू देत... मी देवापाशी रोज एकच मागणं मागते, द्वारके. आपलं निघून येणं दर खेपेला फुकट जाऊ दे. तूही तेवढंच मागत जा.”