विसकटलेली अक्षरे

एकदा एका प्रयोगशाळेत एक शिष्या आनंदाच्या भरात चक्क खुर्चीवर चढून उभी राहिली.

"सर, सापडलं! गावातल्या शेळ्या ज्या जंतूने मेल्या, तोच ठकूबाईच्या कळपात आहे. दोन्ही लेख जुळतायत!"

जंतूचा जनुकलेख म्हणजे ए, टी, जी, सी या चारच अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ. शिष्येने दोन्ही ओळींतले तीन-तीन अक्षरांचे तुकडे मोजले होते, आणि त्यांचे प्रमाण जवळजवळ सारखे निघाले होते. तिकडे ठकूबाई धनगरणीच्या दारात सरकारी पथक उभे होते. इथून होकार गेला की तिचा अख्खा कळप मारून पुरला जाणार होता.

वृद्ध आचार्यांनी शाबासकी दिली नाही. त्यांनी ठकूबाईच्या कळपातल्या जंतूचा लेख संगणकावर घेतला आणि त्यातली सगळी अक्षरे पत्त्यांसारखी पिसून टाकली.

"अहो सर, हे काय केलंत!"

"आता पुन्हा ताडून पाहा."

तिने धुसफुसतच ताडले. जुळणी होती तेवढीच! आचार्यांनी पुन्हा पिसले, तरी तेच.

"अगं, ही ओळ आता कुठल्याच जंतूची नाही, तरी जुळतेच आहे," आचार्य म्हणाले. "दोन्हींत ए आणि टी ही अक्षरं मुळातच भरमसाट, म्हणून तुकडेही सारखे. दोन घरांनी वाण्याकडून एकच माल भरला, म्हणून ती सोयरी होतात का? पिसलेल्या ओळीपेक्षा खरी ओळ किती जास्त जुळते, तेवढाच आपला पुरावा."

शिष्या झपाटल्यासारखी कामाला लागली. तिने लांब तुकडे घेतले, ओळ पुन्हापुन्हा पिसली, ताडली. खरी जुळणी त्या पिसलेल्या ओळींहून तसूभरही वर जाईना! तिने लगेच पथकाला फोन लावला.

"थांबा! आमच्याकडे पुरावा नाही. एकाही जनावराला हात लावू नका!"

पलीकडून पथकाच्या फोनवर ठकूबाईचाच आवाज आला, "खरं सांगताय न्हवं, ताई?"

"खरं, अगदी खरं!" शिष्येला हसू आणि रडू एकदमच आले.

डोळे पुसत ती म्हणाली, "सर, तुम्हाला तिच्या जनावरांची दया आली ना?"

"आली तर. पण पिसल्यावर जुळणी ढासळली असती, तर पथकाला होकाराचा फोन मीच केला असता."

शिष्या हळूच खुर्चीत बसली. साम्य दिसले की मन उड्या मारते. ते नुसत्या योगायोगानेही किती दिसले असते, हे आधी विचारावे.