जोमाचा बांध

हा खाडीकडचा बांध बघताय ना पाव्हणे, याला देवाचं नाव नाही की सरदाराचं नाही. ज्याने तो फोडला, त्याचंच नाव आहे. आणि आमचा गाव ते छाती फुगवून घेतो.

जोमा मासे धरण्यात पटाईत, पण जिताडा माशाचा भारी हावरट. बांधाला उघाडी असते, म्हणजे पावसाचं पाणी खाडीत सोडायची लाकडी झडप. भरतीला ती बंद ठेवायची, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. जोमाने म्हणे ऐन उधाणात ती उचलली, मोठा जिताडा आत यावा म्हणून. जिताडा आला आणि त्याच्यामागून सगळी खाडी आली. बांध फुटला, चांगुबायचं नुकतंच लावलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. बिचारी विधवा, पदरात लहान लेकरं, दुसरा आधार नाही.

पलीकडच्या गढीवरच्या हवालदाराने निवाडा दिला, जोमाचा उजवा हात तोडा. गावाने माना डोलावल्या. खरं सांगायचं तर सगळ्यांना बरंच वाटलं. कोयता आणला गेला तेव्हा चांगुबाय पुढे आली, असं सांगतात.

"याचा हात तोरून माझे पोरांचे ताटान भात येल कं?" ती म्हणाली. "नुसकान माझा झाला, तं हात पन माझाच. तो मना द्या, धरधाकट."

हवालदार चिडला. "आणि हा पळाला तर?"

"मंग माझा हात तोरा."

जोमा पळाला नाही. त्याने बांध घातला, पावसाच्या पाण्याने तिचं शेत धुतलं, पुन्हा लावणी केली. मिठाने रोपं जळाली. पुढच्या वर्षीही जळाली. चांगुबाय त्याला रोज शिव्या घालायची आणि तो खाली मान घालून चिखल तुडवायचा. शेवटी एका साली लोंब्या भरल्या. त्या तांदळाचा पहिला भात शिजला तेव्हा तिने जोमाला हाक मारली आणि पोरांच्या पंगतीत जेवायला बसवलं. जोमा घास हातात घेऊन ढसाढसा रडला म्हणे.

आजही आमच्यात कुणी कुणाचं बिघडवलं, तर पंच आधी ज्याचं बिघडलं त्याला विचारतात, तुला काय पाहिजे? मग बिघडवणाऱ्याने राबायचं, समोरचा जेवायला बोलावेपर्यंत. एकदा त्या घरी जेवला, की त्याची चूक पुन्हा कुणी तोंडावर आणायची नाही.

जोमाची तेवढी आम्ही या बांधाच्या नावाने रोज काढतो. कारण त्याने बांधल्यापासून या बांधाने खाडीला आत येऊ दिलेलं नाही.