निळीचे सात रांजण

ही गोष्ट फार जुन्या काळची. तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणाला सांगता येत नाही, आणि आपल्या गोष्टीला त्याची गरजही नाही. त्या राज्यात नदीकाठी एक गाव होतं आणि गावात एक रंगारी राहत होता. तो आणि त्याची बायको निळीत कापड रंगवायचे. आसपासच्या बारा गावांतली पागोटी आणि लुगडी त्यांच्याच घरून निळी होऊन जात. कापड फाटायचं, पण रंग जात नसे.

लग्न झालं तेव्हा घरात वडिलांच्या वेळचा एकच रांजण होता. अठरा वर्षांत एकाचे सात झाले. सातही अंगणातल्या छपराखाली गळ्यापर्यंत पुरलेले. निळीचा रांजण म्हणजे नुसतं रंगाचं पाणी नव्हे. ते आंबवलेलं असतं, दह्यासारखं जिवंत असतं, आणि हयगय केली तर मरतंही. शिवाय घर वाढलं, बैलजोडी आली, गाडी आली, दुभती म्हैस आली. एकुलती एक मुलगी चांगल्या घरी पडली. यांच्या संसाराला दृष्ट लागेल, असं लोक म्हणत.

आणि मग दोघांचं पटेनासं झालं. मुलांनो, असं का होतं ते आईवडिलांना विचारू नका, त्यांनाही धड सांगता येणार नाही. कुणी कुणावर हात उगारला नव्हता, की कुणाचं मन दुसरीकडे गुंतलं नव्हतं. आधी बोलणं कमी झालं आणि मग जे उरलं ते सगळं टोचून बोलणं होतं. एका सकाळी बायको म्हणाली, "अहो, आता एकत्र राहण्यात काही राम उरला नाही." रंगाऱ्याने मान डोलावली. त्यालाही कधीपासून तेच वाटत होतं, पण तोंडातून शब्द फुटत नव्हता.

त्या गावात काडीमोडीची एक रीत होती. घरातली एकेक वस्तू अंगणात मांडायची. पाटलाने प्रत्येक वस्तूला काठी लावून विचारायचं, "हे घरात कुणी आणलं?" ज्याने आणलं त्याने "मी" म्हणायचं, की ती वस्तू त्याची. शपथ नाही, साक्षीदार नाही. रीत इतकी सोपी होती, की ती चुकीची असेल असं कधी कुणाच्या मनातही आलं नाही.

ठरल्या दिवशी पाटील आला. म्हातारा होता, पण सरळ माणूस. त्याने बैलाच्या पाठीला काठी लावली.

"हे कुणी आणले?"

"मी," रंगारी म्हणाला. बाजारात तोच गेला होता, तेव्हा ते खरंच होतं.

गाडी? "मी." म्हैस? "मी." घराचे वासे? तेही रानातून त्यानेच तोडून आणले होते. तो एकदाही खोटं बोलला नाही. तरी पाचसहा वेळा "मी" म्हटल्यावर त्याला स्वतःचाच आवाज नकोसा झाला, आणि तो बायकोकडे न बघता जमिनीकडे बघून उत्तरं देऊ लागला.

शेवटी रांजणांची पाळी आली. "एक वडिलांचा. बाकीचे कुंभाराकडून मीच गाडीत घालून आणले," तो म्हणाला.

पाटलाने बाईकडे पाहिलं. "पोरी, तुला काही म्हणायचंय?"

"त्यांनी आणले हे खरं आहे," ती म्हणाली. "रीत जे विचारते त्याचं उत्तर दिलं. जे विचारतच नाही, ते मी कुणाला सांगू?"

पाटलाला ते बोलणं खटकलं, पण नेमकं काय खटकलं ते त्याला कळेना. त्याने रीतीप्रमाणे निवाडा केला. माहेरहून आलेलं जातं, एक तांब्या आणि दोन लुगडी घेऊन बाई घराबाहेर पडली. अठरा वर्षांचा संसार एका फेरीत डोक्यावरून गेला. गावाच्या दुसऱ्या टोकाला तिच्या मावशीची झोपडी रिकामी पडली होती. तिथे ती राहिली आणि लोकांची दळणं दळून पोट भरू लागली.

इकडे रंगाऱ्याला सुरुवातीला बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. घर शांत झालं होतं. रांजणांचीही त्याला काळजी नव्हती. ओंजळभर चुना आणि गुळाचा खडा टाकून बायको रांजण ढवळते, हे तो अठरा वर्षं बघत आला होता. यात न जमण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं. तोही रोज पहाटे तेच करू लागला. न चुकता, अगदी मापात.

आठ दिवस कापड छान निघालं. मग रांजणावरचा निळा फेस बसला. मग वास बदलला. महिन्याभरात रंग असा काही उतरला, की एका लग्नात घाम आला तसं नवरदेवाचं कपाळ निळं झालं, आणि पाठोपाठ सगळ्या वऱ्हाडाचं. लोक हसले, पण नवरदेवाचा बाप हसला नाही. त्याने सगळी पागोटी आणून रंगाऱ्याच्या दारात टाकली. पुढच्या बाजाराला त्याच्याकडे कुणी कापड दिलं नाही.

शेजारी म्हणाला, "जाताना तिने रांजणांत काहीतरी कालवलं असणार. बायकांचा राग वाईट."

रंगाऱ्याला ते पटलं नाही, पण सोयीचं वाटलं. माणूस अडचणीत सापडला, की सोयीचं तेच त्याला खरं वाटू लागतं. तो पाटलाकडे गेला आणि बायकोने रांजण बाटवले असं सांगून मोकळा झाला. दुसऱ्याच्या पोटावर पाय आणणाऱ्याला त्या गावात थारा नव्हता. आरोप खरा ठरता, तर तिला ती झोपडीही सोडून वेशीबाहेर जावं लागलं असतं.

पाटलाने तिला अंगणात बोलावलं. सगळा गाव जमला. ती आली तेव्हा तिच्या हातांना पीठ लागलेलं होतं. काय आरोप आहे तो तिने ऐकून घेतला, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि हात धुऊन पहिल्या रांजणाशी बसली. कोपरापर्यंत हात आत घातला, वास घेतला, एक थेंब जिभेवर ठेवून थुंकला. मग दुसरा रांजण, तिसरा, असे सातही तपासले. उठली तेव्हा तिचे डोळे भरले होते.

"सहा मेलेत," ती म्हणाली. "सातव्यात धुगधुगी आहे."

"कशाने मेले?" पाटलाने विचारलं.

तिने उत्तर नवऱ्यालाच दिलं. "रोज चुना घातलात ना?"

"तू घालायचीस तसाच. ओंजळभर."

"मी रोज घालत नव्हते. रोज हात घालून बघत होते. मागेल त्या दिवशी चुना, मागेल त्या दिवशी गूळ, आणि पुष्कळदा काहीच नाही. थंडीत आपल्या अंगावरच्या गोधड्या काढून रांजणांवर घालत होते. ढवळताना तुम्ही मला बघितलंत. चव घेताना नाही बघितलंत, कारण तेव्हा तुम्ही नदीवर असायचात."

पाटील रंगाऱ्याकडे वळला. "आता सांग. हिने यात काही कालवलं होतं?"

नाही म्हटलं तर गावासमोर नाक कापलं जाणार होतं. हो म्हटलं तर त्याला खोटं पाडणारं तिथे कुणी नव्हतं. रंगाऱ्याने आपल्या हातांकडे पाहिलं.

"नाही, पाटील," तो म्हणाला. "आणि मला हे आधीही माहीत होतं. मी खोटं बोललो."

पाटील मटकन ओट्यावर बसला. "तू एकदाच खोटं बोललास," तो म्हणाला. "मी तर चाळीस वर्षं अर्धाच प्रश्न विचारत आलोय. उठा, सगळं पुन्हा मांडा."

पुन्हा सगळं अंगणात आलं. पाटलाने बैलाला काठी लावली, पण या वेळी प्रश्न वेगळा होता. "आणले कुणी ते कळलं. हे जगवले कुणी?"

"त्यांनी," बाई म्हणाली. "त्यांच्याशिवाय कुणाच्या हातची वैरण खात नाहीत."

म्हैस? "हिने," रंगारी म्हणाला. गाडी त्याने राखली होती. घराची भिंत दरवर्षी तिने लिंपली होती आणि छप्पर त्याने शाकारलं होतं. रांजणांपाशी आल्यावर ती काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "हे हिने जगवले."

"आणि कापड त्यांनी," ती म्हणाली. "कडाक्याच्या थंडीत कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी धुतलं, पिळलं. मी ते एक दिवससुद्धा केलं नाही."

मग वाटणी झाली. बैल आणि गाडी त्याला, म्हैस तिला. घर मोडून दोघांचंही भलं होणार नव्हतं, म्हणून ते त्याला मिळालं. त्याच्या बदल्यात तिला झोपडीसाठी अंगणातल्या छपराचं अर्धं लाकूड, निळीच्या वड्यांचा सगळा साठा आणि मेलेल्या सहा रांजणांतले चार मिळाले. सातव्यातलं जिवंत पाणी विरजण वाटून घ्यावं तसं दोघांनी अर्धं अर्धं घेतलं. जाण्याआधी तिने त्याचा हात धरून रांजणात घातला आणि चव कशी घ्यायची ते दाखवलं. वाटणीत ते बसत नव्हतं. तिने आपणहून केलं.

ती परत नांदायला आली नाही आणि त्याने तसं विचारलंही नाही. शिकता शिकता त्याने आणखी दोन रांजण मारले, पण वर्षभराने गावाच्या दोन्ही टोकांना पक्की नीळ मिळू लागली. वाटेत गाठ पडली, की दोघं थांबून एकमेकांच्या रांजणांची चौकशी करत आणि आपापल्या वाटेने जात.

पाटील मात्र त्यानंतर प्रत्येक काडीमोडीला दोन्ही प्रश्न विचारू लागला. पहिल्या प्रश्नाला लोक चटकन उत्तर देत. दुसऱ्याला वेळ लागे, कारण उत्तर देण्याआधी एकमेकांकडे बघावं लागे. आणि एकदोन जोडपी अशीही निघाली, की जी बघता बघता थबकली आणि मांडलेलं सामान उचलून पुन्हा घरात गेली.

तात्पर्य: संसाराची वाटणी करताना तो कुणी आणला एवढंच विचारू नये, तो कुणी जगवला हेही विचारावं.