भरड्यातलं गुपित

"खरं सांगा अण्णा, पिल्लांच्या भरड्यात आणखी काय घालता?"

दुर्गाप्पानं खोपीच्या दारातूनच विचारलं. रामराम नाही, बसणं नाही.

तिम्माण्णा उकडलेली अंडी सोलत होते. खदानीच्या कडेला डुकरं पाळण्यात त्यांचा जन्म गेलेला. वस्तीतली माणसं त्यांच्याकडं हे काम शिकायला यायची, अन् दुर्गाप्पा त्यांतला सगळ्यांत हुशार. निदान त्याला तरी तसं वाटायचं.

"सांगितलं की तुला," अण्णा म्हणाले. "भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, सुकटीची भुकटी, अंडी. पिल्लू आईच्या दुधावरून तुटलं की त्याचं पोट बावरतं. अंगी लागेल असं काहीतरी पोटात जायला पाहिजे."

"अन् अँटिबायोटिकची पुडी?"

"ती दुखणेकऱ्याला. डॉक्टर सांगेल तेव्हा. धडधाकट पिल्लू जेवायला बसलंय, त्याच्या ताटात औषध कशाला?"

दुर्गाप्पा हसला. ते हसू काही बरं नव्हतं.

"सगळी वस्ती पुडी टाकती, तेव्हा कुठं पिल्लं जगत्यात. अन् तुमची बिनपुडीची टुणटुणीत? मी काय काल जन्मलो व्हय?"

अण्णांनी एक अंडं सोलून ठेवलं, दुसरं उचललं.

घरी दुर्गाप्पाची निम्मी पिल्लं हगवणीनं गेली होती. उरलेली भिंतीला टेकून उभी होती, कान पाडून. त्यांची आई, ती डुकरीण, दुर्गाप्पाच्या बायकोनं, रेणव्वानं, लेकीसारखी वाढवलेली. सकाळी ती म्हणाली होती, "म्हाताऱ्यानं खरी गोष्ट लपवून ठेवली तुमच्यापासनं. उरलेली पिल्लं पण गेली, तर मी डुकरीण विकून खडी फोडायला जाते."

ते बोल त्याच्या कानात अजून घुमत होते.

"झडती घेऊ?" तो म्हणाला.

"घे की."

दुर्गाप्पानं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. डबे हुंगले. माळ्यावरचं गवत उपसलं. गवतात एक पिशवी सापडली, तसे त्याचे डोळे चमकले.

"हे काय?"

"तंबाखू. म्हातारी बघू देत नाही म्हणून तिथं ठेवतो. खातोस?"

पिशवी परत गवतात गेली. पण संशय काही जागचा हलेना. सापडत नाही म्हणजे फारच खोल लपवलंय, असं त्याच्या मनानं घेतलं.

"तुम्ही सांगितलं तसंच केलं मी," तो कुरकुरला. कमरेचं फडकं सोडून त्यानं पुढं धरलं. "हा बघा माझा भरडा. पुराव्याला आणलाय. तुमच्यात अन् माझ्यात फरक काय, ते तोंडानं सांगा."

अण्णांनी थेंबभर पाणी शिंपडलं, भरड्याचा लहानसा उंडा वळला अन् तोंडाकडं नेला. त्यांची रीतच ती. दूध तुटलेल्या पिल्लाला जे घालायचं, ते आधी आपण खाऊन बघायचं.

उंडा ओठाला लागणार, तोच दुर्गाप्पानं त्यांचं मनगट धरलं.

"नका अण्णा!"

"का रं? सोयाबीन अन् सुकटच आहे नव्हं?"

खोपीच्या आत एक पिल्लू चुरूचुरू खात होतं.

"पुडी हाय त्यात," दुर्गाप्पा खाली बघत बोलला. "तुम्ही सांगितलेलं सगळं केलं... पण भ्या वाटलं. म्हणून टाकली."

"अन् अंडी?"

"पुडी हाय म्हटल्यावर... निम्मीच घातली. सुकट पण निम्मी."

अण्णांचं मनगट अजून दुर्गाप्पाच्या मुठीत होतं. ते सोडवून घ्यायची त्यांना घाई नव्हती.

"आजारी आहेत त्यांना आत्ता डॉक्टरकडं घेऊन जा," ते म्हणाले. "अन् ही अंडी ने बाकीच्यांना."

दुर्गाप्पानं अंडी फडक्यात घेतली. पण पाय निघेना. दोन्हीकडून फसलेल्या माणसाचं तोंड झालं होतं त्याचं.

"अण्णा, बायको म्हणती तुम्ही लपवता. वस्ती म्हणती पुडी टाक. तुम्ही म्हणता टाकू नको. मी भरवसा ठेवू तरी कुणावर?"

अण्णांनी पुढचं अंडं उचललं, दगडावर हलकेच टिचवलं.

"आईचं दूध सोडून पिल्लं तुझ्या भरड्याकडं आली, तेव्हा भरवसा कुणावर ठेवू, असं त्यांनी कुणाला विचारलं होतं?"