गाळात रुतलेली होडी

"तुमचा तो देव झोपलाय की मेलाय, बाबा? काय ते एकदा सांगून टाका ना!"

लवूनं होडीच्या काठावर मूठ आपटली. लागलं ते मुठीलाच.

समोर बसलेल्या गुलाबबाबांनी डोळे मिटून घेतले.

होडी खाडीच्या ऐन मध्यावर गाळात रुतून बसली होती. खालचं पाणी ओहोटीनं काढून नेलं होतं, आणि वर धुकं असं दाटलेलं की अलीकडचा काठ नाही, पलीकडचा नाही, आभाळसुद्धा नाही. एक बगळा तेवढा पांढऱ्यात पांढरा उभा होता. तोही खरा की भास, कोण सांगणार?

पलीकडच्या दवाखान्यात लवूची आक्का बाळंत झाली होती. मूल सुखरूप होतं. आक्काचं रक्त मात्र थांबत नव्हतं. लवूचं रक्त तिला जुळत होतं, म्हणून उजाडतानाच भावोजींचा निरोप आला होता: असशील तसा नीघ.

आई गेल्यावर याच आक्कानं त्याला लहानाचा मोठा केला होता. तिच्याशिवाय त्याला जगात दुसरं माणूस नव्हतं.

निरोप आला तशी गावातली वडीलधारी मंडळी अंगणात जमली. "देवावर भरवसा ठेव हो, लवू," म्हणाली. "त्याच्या मनात असेल तसंच होईल." एवढं बोलून ती चहाला गेली. होडीवाला धुक्याला भिऊन घरात दडून बसलेला. शेवटी लवूनं स्वतःच होडी सोडली, तेव्हा मात्र सगळे काठावर गोळा झाले आणि हातवारे करून शहाणपण शिकवायला लागले. होडीला हात एकानंही लावला नाही. उपदेश करायला पाय थोडेच भिजवावे लागतात!

गुलाबबाबा तेव्हा दर्ग्याच्या पायऱ्या झाडत होते. हातातली केरसुणी तिथंच टाकून ते आले आणि होडीत बसले. फकीर माणूस, जाताना कुणाला काही सांगायचं नव्हतं. कॉलेज सोडल्यापासून लवू रोज त्यांच्यापाशी जाऊन बसायचा. शिष्य म्हणवून घ्यायची त्याला लाज वाटायची, पण बसायचा.

आणि आता हा गुरू मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. जसा काही खाडीत नाही, जत्रेला निघालाय.

"बोल ना रे म्हाताऱ्या!" लवूचं 'तुम्ही' आता गळून पडलं. "तिकडं माझी आक्का चाललीय!"

"पाणी येईल," बाबा म्हणाले.

"कधी?"

"येईल तेव्हा."

"अंगणातले थेरडे हेच सांगत होते!"

"हो... हेच सांगत होते."

म्हातारा ओशाळेल असं लवूला वाटलं होतं. तो ओशाळला नाही.

लवूनं बांबू उचलून गाळात रोवला आणि अंगातला सगळा जोर लावला. बांबू खाली गेला, आणखी खाली गेला. तळ म्हणून लागेना. होडी तसूभर हलली नाही.

"मीच उतरून ढकलतो."

"लवू..."

तोवर उडी पडली होती.

आधी गुडघे गेले. मग मांड्या. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली. लवू शिव्या देत सुटला. होडीवाल्याला, गावाला, देवाला. आणि दर शिवीला थोडा थोडा खाली जात राहिला. गाळ कमरेला आला तेव्हा त्याच्या शिव्या संपल्या.

"हात दे, बाबा! ओढ मला!"

बाबांनी हात दिला नाही. एक वल्हं घेऊन त्याच्या पाठीमागं गाळावर आडवं टाकलं.

"पाठ टेक."

"काय?"

"आडवा हो. पाय ओढू नकोस."

"आक्का तिकडं मरतेय आणि मी इथं झोपू?"

"झोप."

लवूला रडू फुटलं. पण पायांत आता काही उरलंच नव्हतं. त्यानं पाठ टेकली. बाबा होडीच्या काठावर पालथे पडले आणि त्यांनी त्याच्या डोक्याखाली तळहात दिला.

"ओढ ना, बाबा..."

"ओढणार नाही. धरतो."

मग बराच वेळ काहीच झालं नाही.

वर पांढरं, खाली काळं, मधे लवू. गाळ उबदार होता. लहानपणी ताप चढला की आक्का अशीच उशाशी बसायची. पापणी जड व्हायची, घर लांब लांब जायचं, आणि मानेखालचा हात तेवढा जागच्या जागी राहायचा. आताचा हा हात कुणाचा, त्याला नीट उमजेना. धुकं श्वासात येत होतं, जात होतं.

"माझ्याच्यानं काही होत नाही," तो म्हणाला. बाबांना म्हणाला की आणखी कुणाला, त्यालाही ठाऊक नव्हतं.

"हं."

"काहीच नाही..."

"हं."

...

कानाला गार लागलं.

पाणी आलं होतं. आवाज न करता, मांजराच्या पावलानं. ते त्याच्या मानेखालून गेलं, कमरेशी घुटमळलं, आणि झोपलेल्या पोराची मूठ सुटावी तसा गाळानं एक पाय सोडला. मग दुसरा. लवू सरपटत होडीच्या काठाला लोंबकळला आणि आत पडला. होडीनं अंग झाडलं. तरंगली.

बाबांचा हात तसाच वाकडा राहिला होता. बोटं मिटेनात. लवूनं पाण्यावर तरंगणारं वल्हं आत ओढलं आणि दोन्ही वल्ही हातात घेतली.

पांढऱ्यातून कुठूनतरी हाक आली, "लवूऽऽऽ!"

"भावोजी!" लवूनं जीव खाऊन वल्हं मारलं. "अजून बोलावतायत, म्हणजे..."

तो आवाजाच्या रोखानं वल्हवत राहिला. मग न राहवून त्यानं विचारलं, "वाचेल ना ती, बाबा?"

"मला ठाऊक नाही."

पाण्यावर वल्ह्यांचा आवाज होत राहिला...

"ओहोटी लागलेली तुम्हाला दिसली होती?"

"दिसली होती."

"होडी रुतणार, हेही?"

"हेही."

"मग चढलात कशाला?"

बाबांनी आखडलेला हात मांडीवर घेतला.

"तू एकटा निघाला होतास."