रेशमी फडक्याखालची घागर

एका राज्यात एक नदी होती, आणि एके दिवशी ती नव्हती. आटली नाही, वळली नाही, कोणी बांधही घातला नाही. ती एका घागरीत गेली. ऐकताय ना? अख्खी नदी, वीतभर तोंडाच्या घागरीत! राजा बघत होता, दरबार बघत होता आणि पाहुणे टाळ्या वाजवत होते. ही गोष्ट सांगताना माझे रक्त उकळते. उकळू दे. थंड डोक्याने सांगावी अशी ती नाहीच.

त्या राज्याला एक रीत होती, ती तुमच्याआमच्या घरीही आहे. शेजारणीने भांड्यात काही घालून पाठवले, तर ते भांडे रिकामे परत द्यायचे नाही. चिमूटभर साखर का होईना, घालूनच द्यायचे. पण तिथे या रीतीला शापाची गाठ मारलेली होती. भरून आलेले भांडे न भरता परत गेले, तर राज्यातली एकही चूल पुन्हा म्हणून पेटायची नाही. लोक सरळ होते. भांडी भरून पाठवत होते, चुली पेटत होत्या, कोणाला त्या शापाची आठवणही नव्हती.

आठवण होती ती शेजारच्या मांत्रिक राजाला. त्याचे नाव धूम्रकेतन. त्याने आपला वकील मधुकंठ याला या राज्यात पाठवले. राजाच्या वतीने परक्या दरबारात बोलणी करतो, तो वकील. मधुकंठाने एक पितळी घागर आणली, तोंडाला रेशमी फडके बांधलेली. पाहुण्यासमोर भेट उघडून बघणे वाईट दिसते, म्हणून राजा चंडप्रतापाने ती तशीच अमात्याकरवी खजिन्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी फडके सोडले, तो घागर रिकामी!

मधुकंठ हसून म्हणाला, "अत्तर होते, महाराज. आमचे अत्तर उडून जाते. सुगंध आपल्या खजिन्यात राहिला असेल."

राजाने नाक वर करून हुंगले आणि म्हणाला, "वा!"

लगेच दरबारही म्हणाला, "वा!"

"आता रीतीप्रमाणे घागर भरून द्यावी," मधुकंठ म्हणाला. "आपल्या नदीचे पाणी पुरे."

राजाने घागरीवर हात ठेवून तसे वचन दिले. पाणी ओतले. घागर भरेना. आणखी ओतले. भरेना. घागर काठावर नेली, तशी नदीच वळून तिच्या तोंडात शिरू लागली, आणि संध्याकाळपर्यंत मागे नुसते गोटे उरले. ती घागर मग सिंहासनाशेजारी मांडून ठेवली. डोंगरातून जे पाणी उतरे ते तिच्यात जाई आणि धूम्रकेतनाच्या बागेत कारंजे होऊन उडे. इकडे विहिरी फुटक्या माठासारख्या कोरड्या पडल्या. म्हातारी माणसे गेली, तान्ही पोरे गेली. राजा मात्र सांगत राहिला की शेजाऱ्यांशी आपले संबंध फार उत्तम आहेत.

पुढे तो मेला. गादीला वारस नव्हता. लोक म्हणाले, आता राजा नको, आपल्यातले माणूस आपण निवडू. प्रत्येकाने कोरड्या पात्रातला एक गोटा उचलावा आणि ज्याला निवडायचे त्याच्या दाराशी ठेवावा, असे ठरले. सगळ्यात मोठी रास पडली तेजाई परटिणीच्या दाराशी. या बाईने एकदा भर दरबारात विचारले होते, "आमची नदी कुठं हाय?" त्यासाठी तिला बंदीखान्यात टाकले होते, आणि ती तिथे असताना तिची लेक पाण्यावाचून गेली होती. गोटे ठेवताना लोक ते विसरले नाहीत.

तेजाई कारभारावर बसली न बसली तोच मधुकंठ पुन्हा आला. नव्या राज्याशी स्नेहसंबंध जोडायला आलो म्हणाला. आणि आपला दरबार! मेलेल्या राजाने सोडलेली तीच माणसे, तीच पागोटी. त्यांनी शहरातल्या घराघरातून तांब्या-तांब्या पाणी गोळा केले आणि त्या पाण्याने पाहुण्यांचे पाय धुतले. लहान पोरे परातीकडे टक लावून बघत होती. पाहुण्यांनी पाय पुसले आणि परात मोरीत ओतली गेली. लाज नावाची वस्तू त्या दिवशी दरबारात कोणाकडेच नसावी.

सगळ्यांत पुढे होता अमात्य हरदेव. त्याच्याइतके गोड बोलणारा माणूस त्या राज्यात झाला नाही. "अतिथी म्हणजे देव," तो म्हणाला, "आणि देवच आज आपल्या दारी आले." सभेने माना डोलावल्या.

मधुकंठाने घागरीकडे बोट केले. "बाईसाहेब, शब्द देणारा गेला की शब्द सैल होतो. घागरीवर आपण हात ठेवा आणि ती भरून देण्याचे वचन नव्याने द्या."

"आणि न दिले तर?"

"तर घागर आहे तशी घेऊन जाईन. भरून आलेले भांडे न भरता परत जाईल. पुढचे आपणांस ठाऊक आहे." मधुकंठ फार नम्रपणे वाकला. "परवा सूर्यास्ताला मी निरोप घेईन."

हात ठेवला तर नदी आणखी एका पिढीपुरती गेली. नाही ठेवला तर चुली गेल्या. तेजाई उठली आणि नदीच्या पात्रात जाऊन उभी राहिली.

गोट्यांत एक टिटवी अंडी उबवत बसली होती. ती म्हणाली, "पाय जपून ठेव गं. आधीच नदी न्हेलीत, आता अंडी तुडवताय व्हय?"

"नदी मी नाही नेली."

"तू नाय, पर तुझ्या दरबारानं न्हेली. समदे शापाला भ्यायले. घागर भरून आली व्हती का, ह्ये एकानं तरी इचारलं का?"

टिटवीने मान वाकडी केली. "ती रिकामी आली, ह्ये जादूफुडं ठरवाया तीन साक्षी लागत्यात. एक सरपटणाऱ्याची, एक देह नसल्याची, एक माणसाची. घागर खजिन्यात व्हती तवा राखणीचा नाग तिथंच व्हता. दरबारात बोललं, वाजलं त्ये समदं हाकेच्या दरीत जाऊन ऱ्हातंय. आन् घागर उचलून खजिन्यात कुणी ठिवली, त्ये तुझं तूच बघ."

तेजाई आधी खजिन्याकडे गेली. तिथल्या भेटवस्तूंवर मांत्रिकाचा मंत्र होता. ज्याने एकीला हात लावला, तो कशासाठी आलो हे विसरे आणि बोटांत अंगठ्या घालून आनंदाने बाहेर पडे. किती कारभारी असे आत गेले आणि सजून आले, ते सांगत बसत नाही. तेजाईने दारवानाकडून आपले हात पाठीमागे करकचून बांधून घेतले आणि आत शिरली.

नागाने फणा काढला. "हात बांधून आलेली तू पहिलीच. काय हवे?"

"खरे हवे. घागरीत काय होते?"

"मी तिला वेटोळे घालून बसलो होतो. सुगंध नव्हता, ओल नव्हती. फडक्याखाली वारा फिरत होता."

"हे दरबारात सांगशील?"

"सांगेन. पण दरबाराच्या पायऱ्या मला चढवत नाहीत. खांद्यावर घे." आणि तो तिच्या खांद्यावर चढून बसला.

दुसऱ्या दिवशी तेजाई हाकेच्या दरीत गेली. तिथे शब्द द्यावा तेव्हा शब्द मिळतो, पण दिलेला शब्द खरा लागतो. तेजाईने कडेला उभे राहून राज्यकर्त्याला शोभेल असे म्हटले, "हे दरी, मी या राज्याच्या वतीने आपणांस विनंती करते."

दरी गप्प.

"आपले उपकार प्रजा विसरणार नाही."

दरी गप्पच. मग तेजाईचा बांध फुटला. "माझी लेक मेली गं! पाणी पाणी करत मेली! आन् ह्यांनी त्या पाण्यानं पावण्यांचं पाय धुतलं! मला राग आलाय, मला लई राग आलाय!"

दरी हादरली. खालून दरबाराचा सगळा जुना गोंगाट वर आला, आणि त्यातला हवा तो आवाज तेजाईच्या तोंडात शिरला. तिने ओठ गच्च मिटले. आता तोंड उघडले की तो आवाज बाहेर पडणार, म्हणून घरी येईपर्यंत ती कोणाशी बोलली नाही, आणि घरी आल्यावरही नाही.

तिसऱ्या दिवशी दरबार भरला. मधुकंठ प्रवासाची वस्त्रे घालूनच आला होता. तेजाईने नागाला घागरीसमोर उतरवले. नागाने पाहिले ते सांगितले. घागर किंचित हलली. मग तेजाईने तोंड उघडले, आणि तिच्या मुखातून कित्येक वर्षांपूर्वी घागर दरबारात जमिनीवर टेकली तेव्हाचा आवाज आला: ठण्ण! भरलेले भांडे असे वाजत नाही, हे पाणी भरणाऱ्या प्रत्येक बाईला कळले. आवाज संपला तसा तेजाईचा स्वतःचा आवाज मोकळा झाला. घागर पुन्हा हलली, आणि थांबली.

"दोनच साक्षी," मधुकंठ म्हणाला. "एक जनावर, एक आवाज. आपल्या माणसांपैकी कोणी आहे का?"

तेजाई अमात्याकडे वळली. "अमात्य, घागर त्या दिवशी तुम्ही उचललीत. जड होती की हलकी?"

हरदेव मधाळ हसला. "बाईसाहेब, स्नेहाचे वजन कोणी मोजावे?"

"जड की हलकी?"

"अतिथीचा भाव पाहावा. भार पाहू नये."

"हरदेव, सूर्य मावळतोय."

"सूर्य मावळतो तो पुन्हा उगवण्यासाठीच, बाईसाहेब."

सभेतले दोघेतिघे सवयीने "वा!" म्हणाले. नागाने तोंड उघडले होते, दरीने उघडले होते. हा माणूस उघडेना! तेजाई पायऱ्या उतरून आली आणि तिने अमात्याच्या फाडकन मुस्कटात मारली. त्यात डाव नव्हता की युक्ती नव्हती. तिला राग आला आणि तिने मारली.

अमात्याच्या तोंडातून एक मोती उडाला आणि फरशीवर घरंगळत गेला. मधुकंठाने तो फार पूर्वी त्याला जिभेखाली ठेवायला दिला होता; तो असेपर्यंत तोंडातून फक्त गोडच निघे. मधुकंठ मोती उचलायला वाकला, पण नागाने आधीच त्यावर फणा धरला होता.

हरदेव गाल धरून उभा राहिला. बोलायला गेला तर आवाज घोगरा, खरबरीत निघाला. तो स्वतःच दचकला. तो नदीकाठच्या एका खेड्यातला होता, हे तो विसरला होता आणि लोकही विसरले होते.

"आता खरेही बोलू शकता, खोटेही," तेजाई म्हणाली. "तुमचे तोंड तुमचे आहे."

तो घागरीकडे वळला. मग म्हणाला, "हालकी व्हती, बाई. उचलली तवाच कळलं. एका हातानं उचलली."

"मग बोलला का नाहीत?"

"महाराज खूश व्हते. पावणे हसत व्हते. पावण्यांम्होरं कसं बोलायचं? वाईट दिसलं असतं."

वाईट दिसले असते! ऐका. एवढ्यासाठी नदी गेली. एवढ्यासाठी पोरे गेली. तो मोती तर नंतर मिळाला. हा माणूस त्याच्याही आधी गप्प बसला होता. आणि "वा!" म्हणणाऱ्यांच्या तोंडात तर मोतीही नव्हते.

तिसरी साक्ष पडली. तेजाईने दोन्ही हातांनी घागर उचलली आणि म्हणाली, "रिकामे आलेले भांडे रिकामेच परत जाते. हीसुद्धा आमचीच रीत आहे." आणि तिने घागर उलटी केली.

नदी बाहेर आली. सिंहासन वाहून गेले, गालिचे गेले, पागोटी तरंगू लागली. दरवाजे उखडून पाणी रस्त्यावर गेले आणि रस्त्यावरून आपल्या जुन्या पात्रात उतरले. टिटवी अंड्यांवर उभी राहून ओरडत होती. पाणी तिच्या घरट्याला वळसा घालून गेले. शहरातल्या चुली पेटलेल्याच राहिल्या. लोक रस्त्यात बसून ओंजळीने पाणी पीत होते आणि रडत होते, आणि तेजाई खांबाला धरून उभी होती. तिला पाणी प्यायची आठवण कोणी करून दिली नाही आणि तिलाही झाली नाही.

मधुकंठ गुडघाभर पाण्यात उभा होता. "हा अतिथीचा अपमान आहे," तो म्हणाला. "याचे परिणाम दोन्ही राज्यांच्या संबंधांवर होतील."

"होऊ द्या," तेजाई म्हणाली. "संबंध आम्हाला हवे आहेत. तुमच्या राजाला सांगा, पुढच्या वेळी भांडे उघडे आणा."

तिने रिकामी घागर त्याच्या हातात दिली. ती त्याला एका हाताने उचलता आली.

मांत्रिकाच्या बागेतले कारंजे त्याच संध्याकाळी बंद पडले. खजिन्यातल्या भेटींचा मंत्र सुटला, त्या ज्याच्या त्याला परत गेल्या आणि नाग आपल्या वारुळात गेला. हरदेवाला हाकलून द्या, असे लोक ओरडत होते. तेजाईने त्याला हाकलले नाही, माफही केले नाही. त्याला एकच काम दिले: पाहुणे आले की त्यांच्यासमोर भेट उघडायची आणि आत काय आहे ते त्या घोगऱ्या आवाजात सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगायचे. पहिल्यांदा हे केले तेव्हा पाहुण्यांची तोंडे आंबट झाली होती. दुसऱ्या राज्यांचे वकील येत राहिले. त्यांनी आणलेल्या टोपल्या खरोखर भरलेल्या असत, आणि त्या भरूनच परत जात.

अशी ज्यांची नदी होती ती त्यांना मिळाली, आणि कथा काठाला लागली. तेजाईने नदीवर पुन्हा धुणे धुतले, राज्यही चालवले. तिची लेक मात्र परत आली नाही. तसे करणारी जादू त्या राज्यात कोणाकडे नव्हती.