ठकूबाईला जोडीदार पाहिजे

एका गावात एक भोळा गेनू होता. किती भोळा? ‘जरा कान दे’ म्हटलं, की कानातली भिकबाळी काढून समोरच्याच्या हातावर ठेवायचा. तुमच्याही घरात असा एखादा असेलच. नाव घेत नाही.

त्याची आई ठकूबाई सत्तरीची. तिची फुगडीची जोडीदारीण सारजा लेकीकडे राहायला गेली, तेव्हापासून ही भिंतीला टेकून बसली ती बसलीच. हसणं नाही, बोलणं नाही. भाकरी पुढे ठेवली की ताट सरकवायची. गेनू घाबरला. वैद्यबुवांना घेऊन आला.

“दुखणं अंगात नाही, मनात आहे,” वैद्यबुवा म्हणाले. “हिला नाचव. घाम आला की मन हलकं होतं.”

गेनूनं आईला उठवलं आणि अंगणात फुगडी धरली. फुगडी चांगली रंगात आली. तेवढ्यात रस्त्यावरून पाटील म्हणाले, “राम राम, गेनू!”

मोठ्या माणसाला दोन्ही हात जोडावेत. गेनूनं जोडले.

ठकूबाई कडब्याच्या गंजीत.

तोंडातला कडबा थुंकून ती बोलली. महिन्यातलं पहिलं बोलणं! “मेल्या, धरलेला हात सोडतोस? जग बुडालं तरच सोडायचा! जा, मला एखादी दमाची म्हातारी बघ.”

गेनूच्या डोक्यात पक्कं बसलं. ओढ्यावर कोंडाबाई धुणं आपटत होती. दम दिसतच होता. त्यानं तिचा हात धरला.

“कोण रे तू? सोड!”

“जग बुडालं का?”

“नाही.”

“मग नाही सोडत.”

कोंडाबाई ओल्या लुगड्यानं त्याला झोडपत झोडपत घरापर्यंत आली.

ठकूबाईनं कपाळावर हात मारला. “अरे, असं ओढून आणतात का? चार माणसांत जावं. गोड बोलावं. म्हणावं, आमच्या आईला जोडीदार पाहिजे. मग मानानं घेऊन यावं.”

हेही पक्कं बसलं. गेनू शेजारच्या गावी गेला. पारावर पाच जण बसले होते. त्यानं एकाला उठवून घरी पाठवलं. मग हात जोडले.

“आमच्या आईला जोडीदार पाहिजे.”

“आईला?”

“एकटी पडलीय. जोडीदार दमाचा पाहिजे.”

त्यांतल्या दगडूतात्यांनी मिशीला पीळ दिला. दहा वर्षांपासून विधुर. “आम्ही काय कमी दमाचे आहोत?”

संध्याकाळी ठकूबाईच्या दारात सनई वाजली. बैलगाडीतून तात्या उतरले. फेटा, मुंडावळ्या, सगळं जागच्या जागी.

“हे कोण रे?”

“जोडीदार! मानानं आणलाय.”

ठकूबाई बघतच राहिली. तात्या लाजले. ते लाजले आणि हिला जे हसू फुटलं! भांडायला थांबलेल्या कोंडाबाईच्या गळ्यात पडून हसली. सनईवाला वाजवतच होता. दोघींनी पदर खोचले, फुगडी धरली. तात्यांना कुणी घेईना, तर ते मुंडावळ्या सावरत एकटेच बसफुगडी घालू लागले.

घामाघूम झाल्यावर ठकूबाईनं तीन भाकऱ्या खाल्ल्या. तात्यांना चहा पाजून, समजूत घालून परत धाडलं. मग पाय चोळत म्हणाली, “गेन्या, किती दिवसांनी जीव हलका झाला रे! असं रोज व्हायला पाहिजे.”

“रोज?”

“रोज!”

सकाळी उजाडतं न उजाडतं तोच दारात पुन्हा सनई. ठकूबाई डोळे चोळत बाहेर आली. उंबऱ्याशी मुंडावळ्या बांधलेला एक नवाच म्हातारा उभा. गेनूनं त्याला अलगद पुढे सरकवलं.

“आई, हा आजचा. उद्याचा गाडीत झोपलाय.”